वॉर्डात बदाम सात: आजी-आजोबांच्या व्यायामात खेळ आणि यंत्रं कशी आणायची

आखाजी, म्हणजे आपल्या खानदेशातली अक्षय तृतीया, उलटून दोन दिवस झाले होते. चोपडा तालुक्यातले एक आबा खुब्याचं हाड मोडून आमच्या वॉर्डात होते. ऑपरेशन झालं होतं, वॉकर धरून उभं करा असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, आणि आबा उशीवरून डोकंसुद्धा उचलत नव्हते. पाय दुखत होता हे खरंच. पण त्यांचा मुलगा हळूच म्हणाला, "ताई, त्यांना आखाजीचे पत्ते हुकल्याचं जास्त लागलंय. आजवर एकदाही पारावरचा डाव चुकला नव्हता." त्या संध्याकाळी मी खिडकीच्या गजांना चार उभ्या दोऱ्या बांधल्या, कपडे वाळत घालायचे चिमटे लावले आणि बदाम सात मांडला. पान लावायचं तर उभं राहायचं, एवढाच नियम. त्या डावात आबा अकरा वेळा उभे राहिले. सकाळी विनवण्या करून मला त्यांना एकदाही उठवता आलं नव्हतं.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या दवाखान्यांत नव्याने रुजू झालेले फिजिओथेरपिस्ट, इंटर्नशिपची मुलं-मुली, वॉर्डातल्या सिस्टर आणि पलंगाशेजारी स्टुलावर दिवस काढणारे नातेवाईक, या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. यातलं बरंचसं शंभर-दोनशे रुपयांत होतं. महागडी यंत्रं कुठे उपयोगी पडतात तेही सांगेन, पण ते नंतर.

खेळ कशासाठी, हे आधी पक्कं करा

म्हातारं माणूस पलंगावर पडून राहिलं की स्नायू फार झपाट्याने जातात. २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी धडधाकट वृद्धांना दहा दिवस पलंगावर ठेवून पाहिलं. त्यांच्या पायांतला स्नायू सरासरी एक किलोच्या आसपास घटला. ती माणसं आजारी नव्हती. आपल्या वॉर्डातल्या माणसाला त्यावर ताप असतो, जखम असते, जेवण जात नसतं. म्हणून "बरं वाटलं की उठतील" हे चालत नाही. उठवलं तरच बरं वाटतं.

दुसरी गोष्ट आकड्यांची. पक्षाघातानंतर हात सुधारायचा तर तीच हालचाल पुन्हापुन्हा, शेकड्यांनी व्हावी लागते. २००९ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या काही केंद्रांत बसून कोणीतरी नुसतं मोजलं, तेव्हा व्यायामाच्या एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ निघाल्या. तिथे ही स्थिती, तर आपल्याकडे एका फिजिओवर दोन-दोन वॉर्ड असताना काय होत असेल?

खेळाची गरज इथे लागते. "हात वर करा, अजून एकदा, अजून एकदा" याला माणूस दहाव्या वेळी कंटाळतो. डाव रंगला की तोच हात पन्नास वेळा वर जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही. पडद्यावरचा खेळ असो की पत्त्यांचा, मी त्याला एकच प्रश्न विचारते: मला हवी ती हालचाल यात किती वेळा होते?

आधी हालचाल, मग खेळ

नवीन माणूस उलट करतो. हाती एखादं ॲप किंवा यंत्र येतं आणि मग ते कोणाला लावू, असं शोधत फिरतो. तसं करू नका. रुग्णापुढे बसा आणि कागदावर एक ओळ लिहा: "यांना काय जमत नाही म्हणून घरी अडणार आहे?" खुर्चीतून उठणं? संडासपर्यंत दहा पावलं चालणं? डाव्या हाताने भाकरीचा तुकडा मोडणं? दाराचा उंबरा ओलांडणं? त्या एका गोष्टीसाठी लागणारी हालचाल निवडा आणि मग ती ज्यात दडली आहे असा खेळ शोधा.

त्यानंतर विचारायचं, त्यांना कुठला खेळ येतो. आपल्याकडे हे गृहीत धरू नका. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत आयुष्य गेलेले नाना कॅरम आणि रमीत मुरलेले असतात. यावल-रावेरकडच्या आजींनी पत्त्यांना हात लावलेला नसतो, पण सागरगोटे म्हटलं की डोळे चमकतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या बाबांची बोली पावरी किंवा भिली. त्यांना पत्त्यावरचे आकडे वाचता येतीलच असं नाही, मग रंग जुळवायचे खेळ घ्या, नाहीतर गोफण धरल्यागत हात फिरवून चेंडू टाकायला सांगा.

आणि मान ठेवा. "मी काय पोर आहे का?" हा प्रश्न प्रत्येक वॉर्डात येतो आणि तो रास्त आहे. ज्या माणसाने चाळीस वर्षं कपाशी पिकवली, त्याला "अले वा, शाब्बाश" म्हणू नये. जिभाऊ, आबा, माय, आक्का, घरचे ज्या नावाने हाक मारतात त्या नावाने बोला, अहो-जाहो करा, आणि हा खेळ कशासाठी ते सरळ सांगा: "आबा, एक पान लावलं की एकदा उठणं झालं. असं पंचवीस वेळा झालं की मांडीत जोर येतो."

बोलीचं एक सांगते. दुखतंय, चक्कर येतेय, दम लागतोय हे माणूस आपल्या बोलीतच लवकर बोलतो. अहिराणी येत नसेल तर निदान "दुखस का?", "चक्कर ई ऱ्हायनी का?" आणि "आते बस" (आता पुरे) एवढं तरी शिकून घ्या. नातेवाइकालाही सांगून ठेवा की रुग्ण "आते बस" म्हणाला की डाव तिथेच थांबवायचा.

डॉक्टरांची परवानगी आणि सुरुवातीच्या पाच मिनिटांची तपासणी

हा भाग कोणी वगळायचा नाही. फाइलमध्ये तीन गोष्टी बघा: मोडलेल्या किंवा ऑपरेशन झालेल्या पायावर किती वजन द्यायचं, कुठली हालचाल बंद आहे, आणि नाडी-रक्तदाब-ऑक्सिजनच्या कुठल्या आकड्याला थांबायचं. तिसरी गोष्ट बहुतेक वेळा लिहिलेली नसते. डॉक्टरांकडून लिहून घ्या. खुब्याचा सांधा मागच्या बाजूने बदलला असेल, तर कमरेत नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकणं, पायावर पाय टाकणं आणि पाय आत वळवणं साधारणपणे मना असतं. म्हणजे जमिनीवर बसून सोंगट्या किंवा सागरगोटे नाहीत. तेच खेळ उंच टेबलावर घ्या.

मग रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर त्या माणसाला उभं राहून खेळवायचं नाही. आधी डॉक्टरांना कळवा आणि बसून खेळा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हे फार दिसतं. पारा ४४-४५ ला जातो, म्हातारी माणसं पाणी कमी पितात, वरून रक्तदाबाच्या गोळ्या. उन्हाळ्यात उभ्याचे खेळ सकाळी नऊच्या आत उरका.

मधुमेह असेल तर इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी खेळ नाही. साखर ७० च्या खाली असेल तर अजिबात नाही. एक पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखायला लागली, तर त्या दिवशी व्यायाम नाहीच, डॉक्टरांना बोलवा. खेळताना छातीत दुखलं, घाम फुटला, वाक्य पूर्ण बोलता येईना इतका दम लागला, की थांबा. किती जोर लागतोय ते कळायला दहापैकी गुण विचारा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे आता जीव जातो. तीन-चार ठीक आहे. पाचाच्या पुढे गेलं तर विश्रांती.

चष्मा घाला, कानातलं यंत्र लावा. हे इतकं साधं आहे म्हणूनच विसरतं. आक्का पत्ते खेळत नाहीत, चिडचिड करतात, असं एकदा आम्ही दोन दिवस लिहीत राहिलो. त्यांचा चष्मा पिशवीत होता.

जागा तयार करणं

भिंतीला टेकवलेली, हात असलेली, न सरकणारी खुर्ची. पलंगाचे ब्रेक लावलेले. फरशी नुकतीच पुसलेली असेल तर थांबा. लघवीची पिशवी आणि सलाइनची नळी कुठून जाते ते एकदा बोट फिरवून बघा. रबरी सपाता काढून मागे पट्टा असलेली चप्पल घाला. नऊवारीचा घोळ आणि धोतराचा सोगा पायात येतो, तो खोचा.

सोबत्याने कमकुवत बाजूला, अर्धं पाऊल मागे उभं राहायचं. दंड धरायचा नाही. कमरेला रुंद सुती पट्टा बांधा आणि तो धरा. दंड ओढला तर पक्षाघाताचा खांदा निखळतो.

हे मी ठासून सांगते त्याला कारण आहे. खूप वर्षांपूर्वी, मी नवीन असताना, पडद्यावरचा टेनिसचा खेळ लावला होता. आजी छान खेळत होत्या, सगळा वॉर्ड बघत होता, आणि मीही पडद्याकडेच बघत होते. चेंडू बाजूने आला, आजी तिकडे झेपावल्या. मागे खुर्ची होती म्हणून त्या तिच्यात बसल्या, नाहीतर दुसरा खुबा गेला असता. तेव्हापासून नियम केला आहे: खेळाडूची नजर खेळावर, सोबत्याची नजर पायांवर.

बदाम सात, सविस्तर

मला हा खेळ सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून तो पूर्ण सांगते.

बदामच्या सत्तीने सुरुवात होते. प्रत्येक रंगाची सत्ती मध्ये, तिच्या एका बाजूला अठ्ठी ते राजा, दुसऱ्या बाजूला छक्की ते एक्का. आपण तो सतरंजीवर आडवा मांडतो. त्याला उभा करा. चार दोऱ्या, प्रत्येक रंगाला एक, आणि दर सात सेंटिमीटरवर एक चिमटा. सत्ती रुग्णाच्या छातीच्या उंचीला येऊ द्या. मग राजा लावायला हात डोक्याच्या वर जातो आणि एक्का लावायला कमरेपर्यंत खाली येतो. वाकावं लागत नाही, पण खांद्याची सगळी झेप होते. दोघंच खेळत असतील तर प्रत्येकाकडे २६ पानं. म्हणजे एका डावात २६ वेळा उठून, हात लांबवून, पान लावून, पुन्हा बसायचं. वर सांगितलेला ३२ चा आकडा आठवा. एक डाव आणि थोडं जास्त.

पहिल्या दिवशी पूर्ण डाव नको. रुग्णाला सहा-सात पानं द्या, बाकीची सोबत्याने लावावीत. पाच ते दहा मिनिटं, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दमले की बसूनच पानं लावू द्या, उठणं उद्या. तीन-चार दिवसांनी खुर्चीवरची उशी काढा. खुर्ची जितकी खाली, तितकं उठणं अवघड. नंतर हात न टेकता उठायला सांगा.

पक्षाघाताचा हात असेल तर चिमटा सोबत्याने दाबून धरायचा आणि पान रुग्णाने सरकवायचं. बोटांत जोर आला की चिमटाही त्यांनाच दाबू द्या. तो चिमटा म्हणजे बोटांचा उत्तम व्यायाम आहे. हातात पानं धरता येत नसतील तर कपडे घासायचा ब्रश उलटा ठेवा, दात वर करून. पानं त्यात उभी राहतात. उजव्या मेंदूच्या पक्षाघातात काहींना डावीकडचं जग जाणवतच नाही, ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. त्यांच्यासाठी बदामची दोरी डावीकडे बांधा आणि डावीकडच्या काठावर लाल फडका लावा. सुरुवात बदामनेच होत असल्यामुळे डोकं तिकडे वळवावंच लागतं.

ज्यांना पत्ते नकोत त्यांच्यासाठी जातं. खरं जातं वॉर्डात येत नाही. टेबलावर टॉवेलची घडी ठेवा, अधू हात त्यावर, चांगला हात वरून धरून, आणि दळल्यासारखा गोल फिरवायचा. शेजारच्या पलंगावरची आजी ओवी म्हणायला लागली की लय आपोआप लागते. बहिणाबाई चौधरींच्या आसोद्यापासून आपण फार लांब नाही. या मुलखातल्या बायांना जात्यावरचं गाणं शिकवावं लागत नाही. शेंगा फोडणं, डाळ निवडणं, कापसातून सरकी वेगळी करणं यांनी बोटांचं बारीक काम होतं. वाटीत किती सरक्या जमल्या ते मोजा म्हणजे त्याचाही खेळ होतो.

पत्ते खेळणं म्हणजे उपचार नव्हे, असं तुमचे वरिष्ठ म्हणतील. त्यांना हे सांगा. कॅनडासह चार देशांत पक्षाघाताच्या १४१ रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. अर्ध्या रुग्णांना निन्टेन्डो वी हा पडद्यावरचा खेळ दिला, अर्ध्यांना पत्ते, बिंगो, लाकडी ठोकळे, चेंडू असे साधे खेळ. दोन आठवड्यांत तासाभराची दहा सत्रं. हात दोन्हीकडे सुधारले आणि पडदेवाले पुढे गेले नाहीत. माझ्या दृष्टीने ही आपल्यासारख्या दवाखान्यांसाठी फार मोठी बातमी आहे.

स्वस्तातली तीन यंत्रं

पहिलं, दोन वजनकाटे. काट्याची सुई फिरते असे स्प्रिंगचे, एकाच उंचीचे. डिजिटल नको, ते आकडा पकडून थांबतात. दोन्ही शेजारी ठेवा, एकेका पायाखाली एक, समोर वॉकर, मागे खुर्ची. साठ किलोच्या माणसाचे दोन्हीकडे तीस-तीस यायला हवेत. पक्षाघातात एकीकडे पंचेचाळीस आणि दुसरीकडे पंधरा दिसतात. स्वतःच्या डोळ्यांनी तो फरक बघितला की माणूस स्वतःच सावरायला लागतो. मग नातवाने आकडा पुकारायचा, "बावीस!", आणि आजोबांनी त्या पायाची सुई बावीसवर आणून पाच अंक मोजेपर्यंत धरायची. मोडलेल्या पायावर डॉक्टरांनी दहाच किलो द्यायला सांगितलं असेल, तर दहा किलो म्हणजे नेमकं किती हेही याच काट्यावर समजतं. नुसतं तोंडी सांगून ते कोणालाच समजत नाही.

दुसरं, तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र. ऑपरेशननंतर जवळजवळ प्रत्येकाला विकत आणायला सांगतात आणि अर्धे लोक ते फुंकत बसतात. फुंकायचं नाही, नळीतून श्वास आत ओढायचा. पहिला चेंडू सेकंदाला ६०० मिलिलिटर वेगाने वर जातो, दुसरा ९०० ला, तिसरा १२०० ला. तिन्ही वर नेणं हे ध्येय नाही. दोन चेंडू वर जास्त वेळ तरंगत ठेवणं फुफ्फुसाला जास्त बरं. शेजारशेजारच्या पलंगांवर दोघा आबांची पैज लावा. पण चार-पाच श्वासांनंतर थांबा, नाहीतर डोकं हलकं होतं.

तिसरं, खिशातला मोबाइल. स्टॉपवॉच सगळ्यात उपयोगी. मग तालाचं ॲप, ज्याला मेट्रोनोम म्हणतात, ते फुकट मिळतं. पार्किन्सनच्या रुग्णाचे पाय जमिनीला चिकटतात. ठोका ऐकू आला की पाऊल सुटतं. आधी त्यांची नेहमीची पावलं मिनिटाला किती पडतात ते मोजा आणि ताल तेवढाच लावा. सुरुवातीलाच वेगाने लावू नका. फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघाही तेच काम करतात, एकेक रेघ ओलांडत जायचं. ताशा-डफाची गाणी लावली तर ठोका यंत्राच्या टकटकीपेक्षा जास्त मनात बसतो, असा माझा अनुभव.

पावलं मोजायचं ॲप मात्र जपून वापरा. वॉकर धरून हळू, घासत चालणाऱ्याची कितीतरी पावलं ते मोजतच नाही, आणि "आज फक्त चाळीस" बघून माणूस खचतो. यंत्र घोट्याला बांधलं तर मोजणी बरीच बरी होते. नाहीतर सरळ खाटा मोजा: "काल तीन खाटांपर्यंत गेलो, आज चार." दहा हजार पावलांचं खूळ कोणाच्या डोक्यात घालू नका. तो आकडा १९६५ मध्ये जपानी कंपनीने आपल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राला दिलेल्या नावातून आला आहे.

आणि व्हिडिओ कॉल. आपली निम्मी पोरं सुरत, नाशिक, पुण्याला. आजी फिजिओचं ऐकणार नाही, पण सुरतेतली नात "आजी, अजून पाच वेळा, मी मोजते" म्हणाली की पाय उचलते. फोन पलंगाच्या कडेला टेकवून ठेवा, रुग्णाच्या हातात देऊ नका. चालताना तर मुळीच नाही.

पडद्यावरचे खेळ

दवाखान्याकडे एखादा संच आला असेल किंवा कोणी देणगी देत असेल, तर हे वाचा. निन्टेन्डोचा वी २००६ मध्ये आला आणि पुढे त्याच्यासोबत तोल साधायची फळी आली. तिच्यात वजन ओळखणारी चार सेन्सर आहेत. म्हणजे आपल्या दोन वजनकाट्यांचंच ते देखणं रूप. एक्सबॉक्सचा किनेक्ट २०१० चा. हातात काही न धरता कॅमेऱ्यासमोर हालचाल करायची. त्याचं उत्पादन २०१७ मध्ये बंद झालं, त्यामुळे जुना घेतलात तर दुरुस्ती होणार नाही हे गृहीत धरा.

हे खेळ धडधाकट तरुणांसाठी बनले आहेत. वेग जास्त, आवाज कर्कश, अक्षरं बारीक, आणि हरलं की यंत्र ते ठणकावून सांगतं. म्हणून सगळ्यात सोपी पातळी, आवाज बंद, टीव्ही मोठा आणि डोळ्यांच्या उंचीला. गोलंदाजीसारखा खेळ, ज्यात आपल्या गतीने चेंडू टाकता येतो, तो आधी. धावपळीचे खेळ नाहीत. हातातल्या रिमोटचा पट्टा मनगटाला बांधायचा. मिरगी असेल तर लखलखत्या चित्रांचे खेळ वर्ज्य. पेसमेकर असलेल्या माणसाला कुठलंही यंत्र देण्याआधी डॉक्टरांना विचारा. शरीरातली चरबी मोजणाऱ्या, अंगातून वीज सोडणाऱ्या वजनकाट्यावर तर त्यांना उभं करूच नका. डोळ्यांवर चढवायचे व्हीआर चष्मे फक्त बसून, तेही थोडा वेळ. उभ्याने म्हाताऱ्या माणसाचे डोळे झाकणं मला मान्य नाही.

वीज जाते. खेळ उभ्याने चालू असताना पंखा, दिवा, पडदा एकदम बंद झाला तर माणूस दचकतो. म्हणून उभ्याचा पडदाखेळ खिडकीच्या उजेडात, दिवसाच. शेजारी दोरीवरचे पत्ते तयार ठेवा.

प्रत्येक रुग्णानंतर रिमोट, फळी, मोबाइल ७० टक्के अल्कोहोलने पुसा. पत्त्यांसाठी प्लास्टिकचे धुता येणारे पत्ते घ्या. जखमेत संसर्ग असलेल्याला वेगळा कॅट द्या, तो त्यांच्याबरोबरच घरी जाऊ दे.

यंत्रांच्या बाजूने बोलणारा पुरावाही आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत सिडनी आणि ॲडलेडच्या तीन रुग्णालयांतले ३०० रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला काहींना व्हिडिओ गेम, हालचाल मोजणारी यंत्रं, टॅबलेट असं दिलं आणि सहा महिन्यांनी त्यांचं चालणं-फिरणं इतरांपेक्षा सुधारलेलं आढळलं. पण तिथे फिजिओथेरपिस्टने प्रत्येकाची अडचण पाहून त्याला जुळणारी यंत्रं निवडून दिली होती, घरी गेल्यावरही पाठपुरावा केला होता. आणि दिवसातला उभं राहण्याचा एकूण वेळ मात्र वाढला नाही. टीव्हीसमोर रुग्ण बसवून निघून गेलात तर यातलं काही मिळणार नाही.

मोजा, आणि पुठ्ठ्यावर लिहा

पहिल्या दिवशी आणि मग दर चार दिवसांनी एकच चाचणी करा. हात असलेली खुर्ची, तिच्यापासून तीन मीटरवर खडूची रेघ. "चला" म्हणताच उठायचं, रेघेपर्यंत नेहमीच्या चालीने जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. पाठ खुर्चीला टेकली की घड्याळ बंद. वॉकर किंवा काठी चालते, फक्त दर वेळी तीच हवी. १९९१ पासून जगभर वापरली जाणारी ही चाचणी आहे. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. वॉर्डात पहिल्या दिवशी चाळीस लागले तरी घाबरू नका, आठवड्यात तीस झाले का ते बघा.

आकडे फाइलमध्ये तर जातातच, पण एक पुठ्ठा पलंगाला अडकवा. तारीख, किती वेळा उठले, किती सेकंद लागले. सिस्टर, मामा, शेजारचे रुग्ण सगळे वाचतात. "आबा, काल चौदा होते ना?" असं जाता-येता कोणी म्हटलं की पुढच्या डावाला आबा आपणहून तयार असतात.

कधीकधी काहीच चालत नाही. ताप चढलेला, रात्रभर झोप नाही, म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागलेलं. अशा भ्रमाच्या अवस्थेत पडद्यावरचा खेळ लावू नका, गोंधळ वाढतो. डॉक्टरांना सांगा, खिडकी उघडा, तारीख-वार सांगा, ओळखीचा माणूस जवळ बसवा. खेळ दोन दिवस थांबू शकतो.

घरी जाताना

सुट्टीच्या आदल्या दिवशी, कागदपत्रांची घाई सुरू होण्याआधी, घरच्यांपैकी एकाकडून सगळा खेळ स्वतः करवून घ्या. तुम्ही फक्त बघा. दोऱ्या कुठे बांधणार, खुर्ची कुठली, पट्टा कोण धरणार, हे विचारा. घरात खुर्ची नसते, खाट असते, आणि खाटेची दोरी सैल असली की तीतून उठणं अवघड. खाटेखाली विटा लावून ती उंच करायला सांगा. अंगण मातीचं असेल तर उभ्याचा खेळ ओट्यावर. दोरी, चिमटे आणि कॅट त्यांच्या पिशवीत द्या.

मग आठव्या दिवशी फोन करा. "व्यायाम करतात ना?" असं विचारू नका, त्याला उत्तर नेहमी "हो" येतं. काल किती डाव झाले, कोणाबरोबर झाले आणि कोण जिंकलं, ते विचारा.